आजोबांच्या कागदावरची ४९ वी ब्रिगेड

अमळनेर तालुक्यातील एका शिक्षकांनी आजोबांच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत मला दाखवली आणि तीन प्रश्न विचारले. कागदावर जिल्हा पूर्व खानदेश, पलटण ‘६/५ मराठा’, पुढे ‘४९ ब्रिगेड’ आणि सेवेच्या ठिकाणांत आसाम, मलाया व जावा एवढीच नोंद आहे. आजी सांगत असे, ‘तो जावाले गयथा’. त्यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नाही. ब्रिगेड म्हणजे नेमके काय, महायुद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले असताना आजोबा त्यानंतर जावात कोणाशी लढत होते, आणि या ब्रिगेडचा सलग इतिहास कोठे मिळेल, असे त्यांचे प्रश्न आहेत. गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचा असल्याने ‘जावात जपान्यांशी लढले’ असे त्यावर लिहावे की नाही, हेही त्यांना ठरवायचे आहे. मी पायदळात नोकरी केली, त्यांतील काही वर्षे ब्रिगेड मुख्यालयात काढली, आणि निवृत्तीनंतर धुळ्यात राहून अशा घरांतले जुने सैनिकी कागद वाचून देण्याचे काम करीत आलो आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो.

पहिल्यांदा ‘६/५’ हा आकडा. तो अपूर्णांक नाही आणि त्यातला पाच हा ब्रिगेडचा क्रमांकही नाही. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट झाली आणि बेळगाव हे तिचे केंद्र झाले. म्हणून ६/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची सहावी पलटण (बटालियन). येथे एक गोंधळ मी वारंवार पाहिला आहे. याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीला ‘काळी पाचवी’ असे जुने लाडके नाव आहे, आणि पाचवी पलटणही वेगळी होतीच. त्यामुळे ‘आमचे आजोबा पाचवीत होते’ एवढ्या घरगुती आठवणीवरून काहीच ठरत नाही; कागदावरील तिरप्या रेघेच्या अलीकडचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावलाच महार रेजिमेंट उभी राहिली. केवळ ‘भरतीनंतर बेळगावला गेले’ या आठवणीवरून आजोबांना मराठा रेजिमेंटमध्ये घालणे म्हणूनच चुकीचे ठरू शकते. तुमच्या कागदावर मात्र पलटण स्वच्छ लिहिलेली आहे.

आता ब्रिगेड. सैनिकाचे घर त्याची पलटण असते. तिचा झेंडा, मंदिर, रणघोष आणि युद्धसन्मान सारे पलटणीचे किंवा रेजिमेंटचे असतात, आणि माणूस भरती झाल्यापासून पेन्शनपर्यंत बहुधा तिच्यातच राहतो. ब्रिगेडचे तसे नाही. तीन पलटणी, म्हणजे पायदळाचे साधारण अडीच ते तीन हजार जवान, एका ब्रिगेडियरच्या हाताखाली लढाईसाठी एकत्र बांधले की ब्रिगेड होते. ब्रिगेडियरजवळ स्वतःचे असे थोडेच असते: हुकूम व आराखडे पाहणारा ब्रिगेड मेजर, रसद आणि माणसांचा हिशेब पाहणारे अधिकारी, संदेशवहनाची तुकडी आणि मुख्यालयाचा पहारा. तोफा, सॅपर (पूल, रस्ते आणि सुरुंगांचे काम करणारे सैनिक) आणि जखमींसाठीची फील्ड अँब्युलन्स बहुधा वरच्या डिव्हिजनकडून, म्हणजे अशा काही ब्रिगेड मिळून झालेल्या मोठ्या दलाकडून, जोडून मिळतात. गरज बदलली की पलटणी या ब्रिगेडमधून त्या ब्रिगेडमध्ये जातात, कधी दोन आठवड्यांसाठी, कधी कायमच्या. म्हणून ब्रिगेडचा इतिहास घराण्याच्या वंशावळीसारखा सरळ उतरत नाही, आणि तो शोधताना पलटणीचा माग सोडून केवळ ब्रिगेडच्या क्रमांकामागे गेलेला माणूस हमखास चुकतो.

४९ वी भारतीय पायदळ ब्रिगेड ही २३ व्या भारतीय डिव्हिजनमधील तीन ब्रिगेडांपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे पहिली आणि ३७ वी. हे डिव्हिजन १९४२ च्या आरंभी उभे राहिले, त्याच वर्षी मणिपूरच्या बाजूला गेले, आणि पिवळ्या वर्तुळातील झुंजणारा लाल कोंबडा हे त्याचे दंडावरील चिन्ह होते. घरात जुना गणवेश किंवा छायाचित्र असेल तर दंडावर तो कोंबडा दिसतो का, हे अवश्य पाहा. त्या काळच्या भारतीय ब्रिगेडमध्ये बहुधा एक ब्रिटिश आणि दोन भारतीय पलटणी असत. ४९ व्या ब्रिगेडमध्ये मात्र तिन्ही पलटणी भारतीय होत्या: ४/५ मराठा, ६/५ मराठा आणि ५/६ राजपुताना रायफल्स. तीनपैकी दोन पलटणी मराठा, म्हणजे खंदकांत ऐकू येणारी निम्म्याहून अधिक बोली मराठी होती. असे असूनही महाराष्ट्रात या ब्रिगेडचे नाव जवळजवळ कोणाला माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. इटलीतील यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आपल्याला ठाऊक आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्याच काळात मणिपूरच्या डोंगरांत लढलेल्या मराठा पलटणींची आठवण आपण तितकी जपली नाही.

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सैन्याने ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे तीन डिव्हिजने सोडली, तेव्हा ४९ वी ब्रिगेड इंफाळच्या ईशान्येस उखरूलच्या टापूत होती. त्याच वेळी दक्षिणेस ब्रह्मदेशातील टिड्डिमच्या रस्त्यावर आपले १७ वे डिव्हिजन वेढले जात होते. त्याला मोकळे करण्यासाठी चौथ्या कोअरचे (डिव्हिजनांच्या वरच्या दलाचे) सेनापती स्कून्स यांनी आधी ३७ वी आणि मग ४९ वी ब्रिगेड तिकडे धाडली. उखरूलच्या बाजूची जागा घेण्यासाठी ५० वी पॅराशूट ब्रिगेड येत होती. ती पूर्ण पोहोचली नव्हती म्हणून ४/५ मराठा ही पलटण मागे थांबवण्यात आली आणि त्या पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर होप-थॉमसन यांच्या हाताखाली दिली गेली. ब्रिगेडची एक पलटण उखरूलकडे आणि बाकीची ब्रिगेड दुसऱ्या टोकाला टिड्डिमच्या वाटेवर, अशी फाळणी येथे झाली, आणि इतिहास वाचताना सर्वाधिक घोटाळा येथेच होतो.

कारण जपानी मुख्य लोट नेमका त्या मागे राहिलेल्या पलटणीवर आणि नवख्या पॅराशूट पलटणींवर येऊन आदळला. शेल्डन्स कॉर्नर या ठाण्याच्या परिसरातील झुंजींनंतर सारे मागे सरकून सांगशाक या नागा गावाच्या टेकडीवर जमले आणि २२ ते २६ मार्च असे पाच दिवस तेथे लढले. टेकडीच्या वेढ्यात पाण्याचा झरा नव्हता. काटेरी तार नव्हती. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला विहीर खणताना दोन-तीन हात मुरूम निघतो आणि मग कुदळ टणकन वाजते, तशी ती जमीन होती. तीन फुटांखाली खडक लागे आणि पुरुषभर खोल खंदक होत नसे. विमानातून टाकलेली रसद आणि पाणी बरेचसे जपान्यांच्या हद्दीत पडले. अशा जागी लेफ्टनंट कर्नल ट्रिम यांची ४/५ मराठा, १५२ वी आणि १५३ वी पॅराशूट पलटण आणि त्यांच्या पहाडी तोफा यांनी जपानी ३१ व्या डिव्हिजनच्या ५८ व्या रेजिमेंटचे हल्ले झेलले. पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाकडील चढाईचा नकाशा सापडला आणि तो वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोहोचवण्यात आला. २६ मार्चच्या रात्री मिळालेल्या हुकुमानुसार उरलेले लोक जंगलातून निघाले. या पाच दिवसांमुळे इंफाळच्या आणि कोहिमाच्या संरक्षकांना सावरायला वेळ मिळाला, हे पुढे या आघाडीवरील चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनीही मान्य केले.

म्हणजे ४९ व्या ब्रिगेडच्या एका पलटणीची कदाचित सर्वांत कठीण लढाई ४९ व्या ब्रिगेडच्या नावावर जमाच होत नाही. ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या खात्यात लिहिली जाते आणि तेथेही मराठे पाहुणे म्हणून येतात. ब्रिगेडचा इतिहास केवळ ब्रिगेडच्या रोजनिशीवरून लिहिला तर काय निसटते, त्याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. (पुढे १९४८ मध्ये नौशेरा-झांगडच्या लढाईत याच ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये तिसरी मराठा पलटण पॅराशूट पलटण म्हणून लढली. त्या ब्रिगेडशी मराठ्यांचे नाते असे दोनदा जुळले आहे.)

तुमचे आजोबा ६/५ मध्ये असल्याने सांगशाकच्या टेकडीवर नव्हते. त्यांची पलटण ब्रिगेडबरोबर टिड्डिमच्या रस्त्याला होती. १७ वे डिव्हिजन एप्रिलच्या सुरुवातीस इंफाळला परतले आणि त्यानंतर इंफाळचे सारे मैदान वेढ्यात सापडले. मे महिन्याच्या मध्यास २३ व्या डिव्हिजनने २० व्या डिव्हिजनकडून शेनामच्या खिंडीची जबाबदारी घेतली. इंफाळहून ब्रह्मदेशाकडे जाणारा मोठा रस्ता या खिंडीतून तामूकडे उतरतो. तेथील टेकड्यांना सैनिकांनी माल्टा, जिब्राल्टर, क्रीट, स्क्रॅगी अशी नावे दिली होती, आणि स्क्रॅगीवर तर दोन्ही बाजूंचे खंदक हातबॉम्ब फेकण्याइतके जवळ होते. इतक्या जवळ तोफखान्याला आपल्या आणि शत्रूच्या खंदकांत भेद करणे अवघड जाते, म्हणून अशा ठिकाणी रात्रंदिवस पायदळालाच भार वाहावा लागतो. वर मणिपूरचा पावसाळा. खानदेशापेक्षा तेथे कितीतरी अधिक पाऊस कोसळतो, आणि पाण्याने भरलेल्या खंदकात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या माणसाला गोळीइतकाच मलेरिया आणि आमांशाचा धोका असे. २२ जून १९४४ रोजी कोहिमाचा रस्ता खुला होऊन वेढा उठला. जुलैअखेर २३ व्या डिव्हिजनने शेनामवरून उतरून जपान्यांना तामूच्या दिशेने मागे रेटले आणि मग ते विश्रांतीसाठी आघाडीवरून मागे भारताच्या आतल्या भागात आले. आजोबांच्या कागदावर ‘आसाम’ एवढ्या एका शब्दात जे लिहिले आहे ते हे सगळे. मणिपूरची आघाडी त्या वेळच्या कागदांत बहुधा आसाम म्हणूनच येते.

यानंतर मलाया. १९४५ च्या सप्टेंबरात मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरण्याची मोहीम आखलेली होती आणि २३ वे डिव्हिजन तिच्यात होते, पण जपानने शरणागती पत्करल्यामुळे ते उतरणे लढाईविना झाले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी डच ईस्ट इंडीजची (जावासह आजच्या इंडोनेशियाची) जबाबदारी माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आली. १७ ऑगस्टला तेथील राष्ट्रीय पुढारी सुकार्नो आणि हाता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. ब्रिटिश हिंदी सैन्याला दिलेले काम कागदोपत्री दोन गोष्टींचे होते: जपान्यांना निःशस्त्र करणे, आणि त्यांच्या छावण्यांतील हजारो युद्धकैदी व नजरकैदेतील स्त्री-पुरुष-मुलांना सोडवणे. पण या सैन्याच्या पाठोपाठ डच सत्ता परत येणार, हे इंडोनेशियन जनतेला दिसत होते. आपण स्वतः त्या वेळी पारतंत्र्यात होतो, आणि दुसऱ्या एका देशाचे स्वातंत्र्य दाबण्यासाठी भारतीय जवान वापरले जाऊ नयेत, असा निषेध जवाहरलाल नेहरूंनी तेव्हाच केला होता.

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांच्या नेतृत्वाखाली ४९ वी ब्रिगेड, सुमारे ४,००० माणसे, पूर्व जावातील सुराबाया बंदरात उतरली. शहरातील जपानी शस्त्रसाठा त्याआधीच मोठ्या प्रमाणात इंडोनेशियनांच्या हाती गेलेला होता. मॅलबी यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी करून २६ तारखेला समझोता केला, ज्यानुसार इंडोनेशियनांची शस्त्रे काढून घेतली जाणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी बटाव्हियाहून (आजच्या जाकार्ताहून) आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली. डिव्हिजनचे सेनापती हॉथॉर्न यांच्या नावाने निघालेल्या त्या पत्रकांत ४८ तासांत शस्त्रे खाली ठेवा, असा इशारा होता. ब्रिगेड मुख्यालयात काम केलेला माणूस म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. खालच्या सेनापतीने दिलेला शब्द वरच्या मुख्यालयाच्या एका कागदाने मोडला, आणि त्याची किंमत सर्वांत आधी रस्त्यांवर, पुलांवर आणि इमारतींत विखरून उभ्या असलेल्या छोट्या छोट्या पहाऱ्यांनी दिली. ब्रिगेड एकत्र गोळा केलेली असती तर ती स्वतःचे रक्षण करू शकली असती. पण ती लढण्यासाठी मांडलेलीच नव्हती. कैद्यांच्या छावण्या, रुग्णालये, वीज केंद्र अशा जागा सांभाळण्यासाठी ती तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती.

२८ ऑक्टोबरला या सर्व ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले सुरू झाले. कित्येक ठाणी गोळ्या संपेपर्यंत लढली. सोडवलेल्या स्त्रिया आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यावरही हल्ला झाला आणि त्याबरोबरच्या भारतीय पहाऱ्याने त्यांना वाचवण्यासाठी प्राणांची शर्थ केली. २९ तारखेला सुकार्नो आणि हाता यांना विमानाने आणून युद्धबंदी करण्यात आली. ३० तारखेला करार झाला, पण त्याच संध्याकाळी लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीसमोर मॅलबी यांच्या गाडीला जमावाने घेरले आणि त्यात ते मारले गेले. गोळी नेमकी कोणी झाडली यावर आजही एकमत नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या इमारतीत वेढलेली कंपनी सहाव्या मराठा पलटणीची होती. आजोबा त्याच कंपनीत होते असे मी म्हणू शकत नाही, कारण कागदावर कंपनीची नोंद नाही. पण त्या पलटणीतील प्रत्येक जवान त्या तीन दिवसांत शहरात कोठे ना कोठे वेढ्यात होता, असे समजून चालायला हरकत नाही. ब्रिगेडची मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून जवळपास ४०० माणसे गेली. इंफाळच्या दीर्घ मोहिमेतून वाचलेले जवान युद्ध संपल्यानंतर दहा आठवड्यांनी असे गमवावे लागले.

त्यानंतर ब्रिगेड बंदराच्या आणि विमानतळाच्या बाजूला गोळा करण्यात आली आणि मॅनसर्ग यांचे पाचवे भारतीय डिव्हिजन तेथे आले. १० नोव्हेंबरपासून शहरावर जो मोठा हल्ला झाला त्याचा मुख्य भार त्या डिव्हिजनने उचलला. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळला जातो. तेथे मेलेले असंख्य तरुणही आपल्या देशासाठीच लढत होते, हे आपण विसरू नये. नोव्हेंबर १९४६ अखेर ब्रिटिश हिंदी सैन्य जावातून बाहेर पडले. आजोबा घरी आल्यावर या काळाविषयी बोलले नाहीत, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. अशा घरांत मी हे अनेकदा पाहिले आहे. इंफाळची गोष्ट सांगता येते, कारण शत्रू दारात आला होता. सुराबायाची गोष्ट सांगायची तर आपण तेथे का होतो इथपासून सुरुवात करावी लागते, आणि त्याचे उत्तर शिपायाला कोणी दिलेले नव्हते.

तिसरा प्रश्न सलग इतिहासाचा. या ब्रिगेडला आजचा थेट वारस शोधू नका. लढाईची गरज संपली की ब्रिगेड मोडते, पलटणी आपापल्या वाटेने जातात, आणि तोच क्रमांक पुढे वेगळ्या पलटणींना मिळू शकतो. कोहिमाच्या वेढ्यात लढलेल्या १६१ व्या ब्रिगेडचा क्रमांक नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मीरमध्ये शालटेंगच्या लढाईत पुन्हा दिसतो, पण त्यातील पलटणी आणि माणसे निराळी होती. म्हणून काम पलटणीकडून सुरू करा. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला सैनिक क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका लिहून अर्ज करा. शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या सेवेचा नोंदपट, शिल्लक असेल तर त्यात बढत्या, जखमा आणि बदल्यांच्या तारखा मिळतात. अर्जात जिल्हा ‘जळगाव’ असे लिहून भागणार नाही, कंसात ‘पूर्व खानदेश’ लिहा, कारण त्या वेळचे रजिस्टर त्याच नावाने लावलेले आहे; धुळे आणि नंदुरबारकडील लोकांनी ‘पश्चिम खानदेश’ लिहावे. अर्जावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र जोडले तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. पलटणीच्या आणि ब्रिगेडच्या युद्धकाळातील रोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू. ओ. १७२’ या मालिकेत आहेत. त्यांत साध्या शिपायांची नावे क्वचित येतात, पण कोणत्या दिवशी कोणती कंपनी कोठे होती हे येते. शीट रोलमधील तारखा आणि रोजनिशीतील जागा शेजारी ठेवल्या की माणसाची वाट दिसू लागते.

त्याआधी घरातील पदके बाहेर काढा. आसामच्या सेवेसाठी बर्मा स्टार असेल. त्या ताऱ्यावर नाव कोरलेले नसते, त्यामुळे तो कोणाचा हे सिद्ध होत नाही. पण जांभळ्या फितीच्या मध्ये हिरवा पट्टा असलेले गोल पदक असेल, आणि त्यावर आग्नेय आशिया १९४५-४६ अशी इंग्रजी अक्षरांची पट्टी असेल, तर ते जावाच्या सेवेचे जनरल सर्व्हिस मेडल होय. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते ब्रासोने घासू नका. चकचकीत करण्याच्या हौसेपायी पुसली गेलेली नावे मी पाहिली आहेत, आणि ती परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही. भिंग आणि तिरपा उजेड घेऊन वाचा, आणि पेन्सिलने उतरवून ठेवा.

फलकाविषयी माझे स्पष्ट मत असे की ‘जावात जपान्यांशी लढले’ हे लिहू नये, कारण ते खरे नाही. आजोबा जपान्यांशी मणिपूरमध्ये लढले आणि जावात ते हुकुमावर गेले. हुद्दा आणि नाव लिहून खाली एवढेच घालावे: ‘६ वी पलटण, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. ४९ वी भारतीय पायदळ ब्रिगेड. इंफाळ १९४४. सुराबाया १९४५.’